शर्यतीच्या मैदानावरचा एक रविवार: वडोदऱ्याच्या प्रेक्षकाचा अभिप्राय

वडोदऱ्यात राहणाऱ्या माणसाने घोड्यांच्या शर्यतीविषयी अभिप्राय का लिहावा, असे कोणी विचारील, म्हणून आधी तेच सांगतो. १९४३ साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. ती घोडी बडोद्याच्या महाराजांची होती. दोनच वर्षांनी महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी इंग्लंडमध्ये २८,००० गिनी (पूर्वीचे इंग्रजी चलन) मोजून एक वर्षाचे शिंगरू विकत घेतले. त्याचे नाव ‘सयाजीराव’ ठेवले गेले आणि १९४७ साली त्याने आयरिश डर्बी व इंग्लंडमधील सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. पुढच्याच वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ने इंग्लंडमधल्या न्यूमार्केटची ‘टू थाउजंड गिनीज’ ही शर्यत जिंकली. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात ही नावे आजोबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहेत की, ती घरातल्याच कोणा वडीलधाऱ्यांची असावीत, असे लहानपणी वाटे. आज गुजरातेत टर्फ क्लबाची, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या संस्थेची, नियमित शर्यत कोठेही होत नाही. ज्याला शर्यत पाहायची आहे, त्याने गाडी पकडून दुसऱ्या राज्यात जावे, हाच एक मार्ग उरला आहे.

तसा मी यंदाच्या हंगामात एका रविवारी गेलो. बरोबर चोवीस वर्षांचा भाचा होता. त्याने आयुष्यात एकही शर्यत पाहिली नव्हती, आणि त्याला नेण्यामागे माझा हेतूही तोच होता. आपल्याला सवयीमुळे जे दिसत नाही, ते नवख्या माणसाला दिसते. मैदानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे म्हणणार आहे ते गेल्या वीस वर्षांत पाहिलेल्या तीन निरनिराळ्या मैदानांना कमीअधिक प्रमाणात लागू आहे.

चांगले ते आधी. पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवण्याच्या रिंगणाच्या, कठड्याशी उभे राहून शर्यतीपूर्वी घोडे फिरताना पाहणे हा अनुभव तिकिटाच्या किमतीच्या कितीतरी पट मोलाचा आहे. पाचशे किलोंच्या आसपास वजनाचा, नुकताच खरारा केलेला, कातडीवर ऊन चमकत असलेला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) आपल्यापासून दोन हातांवरून जातो, त्याच्या नाकपुड्यांचा आवाज ऐकू येतो, मोतद्दार त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत असतो, आणि मग जॉकी वर चढताच त्या जनावराची चाल बदलते. भाचा तिथे पंधरा मिनिटे एक शब्द न बोलता उभा होता. त्यानंतर चौदाशे मीटरची शर्यत पाहिली. ती जेमतेम दीड मिनिटाची असते, पण शेवटच्या वळणानंतर घोडे सरळ पट्ट्यात आले की जमिनीतून जो धडधडाट पायांपर्यंत येतो, तो कोणत्याही पडद्यावर मिळत नाही. हिरवळ उत्तम राखलेली होती, घोडे सुदृढ होते, शर्यती वेळेवर सुटल्या. खेळ म्हणून जे दाखवायचे ते पहिल्या प्रतीचे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

अडचण त्या दीड मिनिटानंतर सुरू होते. दोन शर्यतींमध्ये साधारण अर्धा तास असतो, आणि त्या अर्ध्या तासात नवख्या माणसाकडे कोणीही वळून पाहत नाही. प्रवेशद्वाराशी आम्ही रेसचे पुस्तक घेतले. ते संपूर्ण इंग्रजीत, अगदी बारीक टाइपात होते. घोड्याचे वय, रंग, आईबाप, वजन, रेटिंग, गेटचा क्रमांक, मागच्या धावांचे आकडे, तोंडावर झापडे आहेत की नाहीत, हे सारे त्यात असते आणि जाणत्याला तेवढे पुरते. पण भाच्याने पहिलाच प्रश्न विचारला, “मामा, हा घोडा सगळ्यांत चांगला आहे, तर याच्यावरच सगळ्यांत जास्त वजन का ठेवलंय?” हँडिकॅप म्हणजे काय, चांगल्या घोड्याला जास्त आणि कमकुवत घोड्याला कमी वजन देऊन सर्वांना बरोबरीला आणण्याचा प्रयत्न कसा केला जातो, हे मी त्याला समजावले. मी नसतो तर त्याला हे सांगणारा फलक, माणूस किंवा हिंदी अथवा मराठीतले एखादे पान त्या सबंध मैदानात नव्हते. टोटच्या, म्हणजे मैदानावरच्या अधिकृत पैजेच्या, खिडकीवर त्याने ‘विन’ (घोडा पहिला येण्यावरची पैज) आणि ‘प्लेस’ (तो पहिल्या काही क्रमांकांत येण्यावरची पैज) यांतला फरक विचारला, तेव्हा मागच्या रांगेतून घाई करण्याच्या सूचना आल्या आणि खिडकीतल्या माणसाने मान वर न करताच त्याच्यासमोर तिकीट सरकवले. क्विनेला, टानाला, ट्रेबल, जॅकपॉट हे पैजांच्या प्रकारांचे शब्द मोठ्या पडद्यावर दिवसभर झळकत होते. त्यांचा अर्थ कोठेही लिहिलेला नव्हता.

हे मला केवळ व्यवस्थेतले न्यून वाटत नाही, तर या खेळाच्या मुळावर आलेली चूक वाटते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा जुगार नव्हे. घोड्याचे कूळ, तयारी, जॉकी, अंतर आणि वजन यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हाच त्या विचाराचा गाभा आहे. शर्यतींचे कायदेशीर अस्तित्व ज्या कौशल्यावर उभे आहे, ते कौशल्य शिकवण्याची सोय मात्र मैदानावर नाही. पूर्वी ते घरातून किंवा मित्रांकडून येत असे. वडील रविवारी रेसला जात, मुलगा सोबत जाई, कोणीतरी अनुभवी शेजारी पुस्तक कसे वाचायचे ते दाखवी. ती साखळी आता तुटली आहे. स्टँडमध्ये माझ्या आसपास बसलेल्यांपैकी बहुतेक जण साठीच्या पुढचे होते. ते एकमेकांना नावाने ओळखत होते, आणि आमच्याशी बोलण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

हाँगकाँगमध्ये याच्या उलट चित्र आहे. तेथील जॉकी क्लब प्रत्येक घोड्याच्या धावेचे टप्प्याटप्प्याचे वेळ, सरावाची नोंद, पशुवैद्यकीय इतिहास आणि जुन्या शर्यतींचे चित्रण चिनी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कोणालाही मोफत पाहू देतो. नवा माणूस घरबसल्या महिनाभर अभ्यास करून मैदानावर येऊ शकतो. माझा भाचा क्रिकेटमधल्या एकेका गोलंदाजाची सरासरी तोंडपाठ सांगतो. आकड्यांची गोडी त्याच्या पिढीला भरपूर आहे. आपल्याकडे शर्यतीचे आकडे त्यांच्यापर्यंत त्यांना समजेल अशा रूपात पोहोचतच नाहीत.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ऑनलाइन खेळ, कॅसिनो आणि शर्यती यांच्या पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के जीएसटी निश्चित झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. येथे ‘पूर्ण रकमेवर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. टोट ही अशी पद्धत आहे की, सर्वांच्या पैजा एका कुंडात जमा होतात, त्यातून ठरावीक वाटा कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. समजा दहा जणांनी शंभर-शंभर रुपये लावले, म्हणजे हजार जमले, आणि वाटा कापून आठशे परत वाटले गेले. कर जर पैज लावणाऱ्यांकडूनच घेतला गेला, तर त्या दहा जणांच्या खिशातून प्रत्यक्षात चौदाशे गेले आणि आठशे परत आले. म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे साधारण सत्तावन्न परत. एवढी तूट कोणतेही कौशल्य भरून काढू शकत नाही. अभ्यासू माणूस हे गणित पहिल्याच महिन्यात ओळखतो, आणि तो एकतर खेळ सोडतो किंवा कर न घेणाऱ्या बेकायदेशीर बुकीकडे जातो. दोन्ही बाबतींत मैदानाची आणि सरकारची हानीच होते.

त्यावर आयकर आहे. शर्यतीतील जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के दराने कर लागतो आणि १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम जिंकल्यास तो जागेवरच कापला जातो. हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. एखाद्याने दिवसभरात वीस हजार गमावून शेवटच्या शर्यतीत पंधरा हजार जिंकले, तरी त्या पंधरा हजारांवर कर आहेच. कौशल्याच्या खेळाला कॅसिनोच्या पंगतीत बसवून घेतलेला हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. ब्रिटनने २००१ साली पैजेच्या रकमेवरील कर काढून तो बुकींच्या नफ्यावर बसवला. हाँगकाँगने २००६ साली शर्यतींच्या बाबतीत तेच केले, आणि तेथे घटत चाललेली उलाढाल पुन्हा वाढू लागली. उदाहरणे समोर आहेत आणि ती जुनी आहेत.

तरीही सगळा दोष कराच्या माथी मारणे मला पटत नाही. त्या दिवशीच्या पाचव्या शर्यतीत दोन घोडे जवळजवळ एकत्र आले. निकाल रोखला गेला, पडद्यावर चौकशीची सूचना आली आणि ध्वनिक्षेपकावरून काहीतरी सांगितले गेले, जे आमच्या स्टँडमध्ये कोणालाही नीट ऐकू आले नाही. वीस मिनिटांनी पहिला आलेला घोडा दुसरा ठरवला गेला. त्याने सरळ पट्ट्यात दुसऱ्याची वाट अडवली असेल, आणि स्टुअर्डांचा, म्हणजे शर्यतीच्या पंचांचा, निर्णय योग्यही असेल. माझा स्वतःचा अंदाज तो योग्यच होता, असा आहे. पण ज्यांचे पैसे गेले, त्यांना ते चित्रण पुन्हा दाखवून, “येथे, या ठिकाणी अडथळा झाला” एवढे दोन वाक्यांत सांगायला काय हरकत होती? शेजारचे गृहस्थ सरळ म्हणाले, “सगळं आधीच ठरलेलं असतं.” त्यांचे म्हणणे खरे नसेलही, पण त्याला उत्तर देण्याची संधी मैदानाने स्वतःच्या हाताने घालवली. पैज हरलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा येतो. फसवणूक झाली असे ज्याला वाटते, तो पुन्हा येत नाही.

चाबकाविषयीही भाच्याने विचारले. ब्रिटनमध्ये सपाट मैदानावरील शर्यतीत चाबूक जास्तीत जास्त सहा वेळा वापरता येतो आणि मर्यादा ओलांडणाऱ्या जॉकीवर कारवाई होते, हे मी त्याला सांगितले. येथील नियम काय आहेत, ते मैदानावर कोठेही लिहिलेले नव्हते. आजच्या तरुणाला जनावराच्या वेदनेविषयी वाटणारी काळजी खरी आहे. घोड्याची निगा कशी राखली जाते, धावण्याचे वय संपल्यावर त्याचे काय होते, हे त्याला उघडपणे सांगितल्याशिवाय तो मोकळ्या मनाने टाळी वाजवणार नाही.

प्रेक्षक कमी झाले म्हणून शर्यती लगेच बंद पडत नाहीत, असा एक समज जुन्या मंडळींत आहे. पण सिंगापुरात १८४२ साली स्थापन झालेल्या क्लबाच्या शर्यती ५ ऑक्टोबर २०२४ रोजी कायमच्या थांबल्या आणि मैदानाची जमीन घरांसाठी परत देण्याचे ठरले. मकाऊच्या शर्यती त्याच वर्षी संपल्या. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या शर्यतींच्या चार दिवसांच्या जत्रेलाही २०२२ साली सुमारे २ लाख ८० हजार लोक आले होते, ते २०२५ साली २ लाख १९ हजारांवर उतरले. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानातील १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी द्यायची आणि ९१ एकर क्लबाकडे ठेवायची, असे २०२४ मध्ये ठरले. शहराच्या मधोमध एवढी हिरवी जमीन अडवून बसलेल्या मैदानाविषयी शहरातल्या सामान्य माणसाला जिव्हाळा नसेल, तर ती जमीन मागितली जाईल तेव्हा मैदानाच्या बाजूने बोलायला कोण उभे राहणार?

गुण द्यायचेच तर घोडे आणि शर्यत यांना पाचपैकी पाच देईन आणि प्रेक्षकाला मिळणाऱ्या वागणुकीला दीड. मैदानाला फार मोठा खर्च करण्याची गरज नाही. प्रवेशद्वाराशी हिंदी व स्थानिक भाषेतले चार पानांचे माहितीपत्रक, पॅडॉकजवळ प्रश्नांना उत्तरे देणारा एक जाणता माणूस, नवख्यांसाठी वेगळी टोटची खिडकी, आणि प्रत्येक चौकशीनंतर चित्रणासह दोन वाक्यांचा खुलासा, एवढ्यानेही फरक पडेल. निवृत्त जॉकी आणि ट्रेनर यांच्याइतके चांगले शिक्षक या कामाला मिळणार नाहीत.

वडोदऱ्याहून प्रथमच जाणाऱ्यांसाठी काही सूचना. पहिल्या शर्यतीच्या पाऊण तास आधी पोहोचावे आणि स्टँडमध्ये जागा धरण्याऐवजी पॅडॉककडे जावे. पहिल्या दोन शर्यतींवर पैज लावू नये, फक्त पाहावे. नंतर लावायचीच असेल तर ‘प्लेस’ची, आणि खिशात ठरवून नेलेल्या रकमेपुरतीच. दुर्बीण सोबत असावी. मुंबईत हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. ज्या शर्यतीची सुरुवातच बडोद्याच्या घोडीने झाली, ती आयुष्यात एकदा तरी पाहावी, असे मला मनापासून वाटते.

परतीच्या गाडीत भाच्याने ते रेसचे पुस्तक पुन्हा काढले आणि सुरतेपर्यंत तो मला आकड्यांचे अर्थ विचारत राहिला. फेब्रुवारीत डर्बीला येशील का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, तुम्ही बरोबर असाल तर येईन. एकटा नाही जाणार.”