फॅमिली पास, बारा महिने: कोस्टर बघितला, बसलो नाही

गोव्यातल्या एका अम्युझमेंट पार्कच्या पासची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते तेव्हा त्या पार्कविषयी हे परीक्षण म्हणून लिहायला घेतलं आणि आता डिसेंबरात पुरं करतोय. मधे बरंच काही घडलं, त्यामुळे वरचा सूर आणि खालचा सूर जुळणार नाही. आधीचं खोडायचा कंटाळा केला आहे.

पार्कचं नाव लिहीत नाही. काउंटरवरची मुलगी आमच्याच वाड्यावरची, चवथीला आमच्याकडे आरतीला येते. ज्यांना ओळखायचं ते निळ्या पत्र्यांवरून ओळखतील.

नोव्हेंबर 2024 मध्ये चौघांचा वर्षाचा पास घेतला. मी, बायको, सात वर्षांचा मुलगा आणि बाबा. 11,200 रुपये. टोराटोरा, कोलंबस, ब्रेकडान्स, टक्कर गाड्या यांबद्दल काही लिहीत बसत नाही. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत असतं तेच सगळं, फक्त सिमेंटच्या ओट्यावर पक्कं बसवलेलं, आणि रांग नाही. त्यासाठी कुणी 11,200 मोजत नाही. मी मोजले ते गेटावरच्या फलकासाठी. लाल रंगाचा रोलर कोस्टर, हात वर केलेली माणसं आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘या नाताळात’. कुठल्या नाताळात ते लिहिलेलं नव्हतं. हे मी नंतर तीनदा जाऊन वाचलं.

नाताळात आले ते पत्रे. निळे, दोन पुरुष उंच, तळ्याच्या कडेपासून पार मागच्या कुंपणापर्यंत. मग सांगितलं कार्निव्हलला. मग मे महिन्याच्या सुट्टीत. मग ‘चवथी उपरांत जातलें’, म्हणजे गणपतीनंतर होईल. मग दिवाळी. ही मंडळी कधी तारीख बोलत नाहीत, सण बोलतात, आणि गोव्यात सणांना तोटा नाही. बायकोने कार्निव्हललाच सांगून टाकलं होतं, की या पैशांत खोपोलीला जाऊन इमॅजिका करून आलो असतो. तिथला नायट्रो कोस्टर 2013 पासून पळतोय. मी म्हटलं, चौघांचं येण्याजाण्याचं भाडं धर, राहणं धर, मग बोल. तिने धरलं. नंतर तो विषय मीच काढला नाही.

पण कोस्टर लांबला याचा राग मी अर्ध्यावर गिळला असता. गिळता आला नाही तो वॉटर कूलरचा.

फणसाच्या झाडाखाली स्टीलचा कूलर होता. दोन नळ, त्यातला डावा खरोखर थंड. जानेवारीत पत्रे पुढे सरकवले तेव्हा फणस, कूलर आणि दोन बाकडी सगळंच पत्र्यांच्या पलीकडे गेलं. बाहेरचं पाणी आत न्यायला बंदी. गेटावर बाटली काढून टोपलीत ठेवतात आणि जाताना घ्या म्हणतात, जशी काही तहान जाताना लागते. आत अर्ध्या लिटरची बाटली 30 रुपये. चौघांच्या चार, म्हणजे फेरीला 120. वर्षभरात आमच्या 23 फेऱ्या झाल्या. पासचे पैसे वाटले तर माणशी एका फेरीला जेमतेम 122 रुपये पडतात. म्हणजे दर खेपेला आम्ही पाचव्या माणसाचं तिकीट काढून पाणी आत नेत होतो. कूलर गेल्यानंतरच्या फेऱ्या 19, म्हणजे 2,280 रुपये. वहीत लिहून ठेवलेत.

मॅनेजरला विचारलं, कूलर हलवता येत नाही का? म्हणाला, पाइपलाइन क्रेनच्या रस्त्याखाली आली. मग दुसरीकडून लाइन ओढा. म्हणाला, कोस्टर सुरू झाला की सगळं होईल. मी तेव्हाच मनात पार्कला एकच तारा ठरवून टाकला होता.

आता बाबांविषयी. बाबा डिचोलीच्या पट्ट्यात खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या त्यानंतर त्यांनी हातात पाना धरला तो घरच्या पंपापुरता. पार्कात ते एका जागी बसून राहत. मार्चमध्ये एका रविवारी बघतो तर बाबा जागेवर नाहीत. दोन पत्र्यांच्या मधे चार बोटांची फट होती, तिला डोळा लावून उभे. अर्धा तास. परत आले आणि म्हणाले, “अरे, खड्डे बघितलेस? हे काम या वर्षी उघडत नाही. आणि उघडलं तर आपण बसायचं नाही.”

तिथून माझं या पार्कविषयीचं मत हळूहळू फिरायला लागलं, माझी इच्छा नसताना.

बाबांचं म्हणणं असं. आपल्याकडे वर चिऱ्याचा कडक थर असतो, त्यावर घर बांधलं तर पिढ्या जातात. पण तो थर फोडून खाली गेलं की मऊ चिकणमाती लागते, आणि तिला पाणी लागलं की ती लोण्यासारखी होते. “पेडण्याच्या बोगद्याने कोकण रेल्वेला कसं रडवलं आठव,” म्हणाले. मला आठवायचं कारण नाही, पण गोष्ट खरी आहे. सगळा मार्ग तयार होऊन बसला होता, पेडण्याच्या बोगद्यातली मऊ माती मात्र खचत राहिली, माणसं गेली, आणि आख्खा मार्ग खुला व्हायला जानेवारी 1998 उजाडला. बाबांच्या हिशेबाने इथल्या दोन-तीन खड्ड्यांत तीच माती लागली होती. खड्डे अजून खोल न्यावे लागणार होते.

आणि त्यात 2025 चा पाऊस. मे संपायच्या आधीच मान्सून आला. जून धरून बसलेल्या माणसाला तो घरात घुसल्यासारखा वाटला. खड्डे भरले, पंप लागले, वर ताडपत्र्या. आम्ही छत्री घेऊन गेलो तेव्हा पार्कात आमच्यासारखी तीन कुटुंबं आणि एक कुत्रा. बाकीच्यांनी पावसाळ्यात कशाला यायचं? आम्ही गेलो, कारण पासाचे दिवस तर जात होते.

चवथीच्या सुट्टीत, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणून झाल्यावर, बाबा स्वतःहून म्हणाले, “पार्कात जाऊया.” असं ते वर्षात पहिल्यांदा म्हणाले. त्या दिवशी फटीतून दिसलं की काँक्रीट झालंय, वर फाउंडेशन बोल्ट डोकं काढून उभे आहेत आणि दोन माणसं पत्र्याचा साचा लावून मापं घेताहेत. एक ओटा मात्र फोडायला घेतलेला. मी चिडलो. झालेलं काम फोडतात म्हणजे काय? बाबा खूश. ते म्हणाले, घराच्या जिन्याला इंच इकडेतिकडे झाला तर गवंडी गिलाव्यात मारून नेतो. इथे रूळ कारखान्यातून वळवून येतात, तुकडा तुकड्याला बोल्टने जोडायचा, साइटवर वाकवायची सोय नाही. खाली खांबाचा पाय काही मिलिमीटर सरकला तर वर पोचेपर्यंत भोकाला भोक लागत नाही. मग कुणीतरी भोक मोठं करतो. “आणि भोक मोठं करणारा माणूस मला वर्कशॉपमध्ये नको असायचा,” म्हणाले. ओटा फोडतात म्हणजे वर कुणीतरी शहाणा बसलाय.

तर पहिली दुरुस्ती: कोस्टर उशिरा झाला यासाठी मी तारा कापणार होतो, तो कापत नाही. खोटा सण सांगितला यासाठी कापतो. ‘माती मऊ लागली, वर्ष जाईल’ असा एक कागद गेटावर चिकटवला असता तर आमच्यासारख्यांनी उलट तो वाचायला गर्दी केली असती.

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री पार्किंगच्या बाजूला पोरांनी नरकासुर उभा केला होता. त्या दिवसापर्यंत तो कोस्टरपेक्षा उंच होता. दिवाळीनंतर मात्र क्रेन आली आणि पंधरवड्यात लाल रूळ पत्र्यांच्या वर दिसायला लागले. मुलगा टोराटोरा सोडून क्रेन बघत बसायला लागला. आजोबा आणि नातू एकाच फटीवर, खाली एक, वर एक. आमचं सगळ्यांत जास्त वापरलेलं खेळणं म्हणजे ती फट. तिचं तिकीट कुणी लावलं नाही, एवढं पार्कचं कौतुक.

आता मुदतीचं भांडण. पास 15 नोव्हेंबर 2025 ला संपणार होता. सहा तारखेला मी काउंटरवर गेलो. मुलगी म्हणाली, “दादा, मागे वाचा.” मागे बारीक अक्षरात: राइड्स उपलब्धतेनुसार. मी म्हटलं, उपलब्धतेनुसार म्हणजे आज बंद, उद्या चालू. जी राइड अजून जन्मालाच आलेली नाही तिला हे कसं लागू? तिने मॅनेजरला फोन लावला, मॅनेजर म्हणाला नियम सगळ्यांना सारखा. घरी येऊन 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनवर, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक मिळाला. हा फोन करायला पैसे लागत नाहीत. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तरी पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि 2019 च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या स्पष्ट आहे. फलकाचा फोटो माझ्याकडे होताच, पास घेतला त्या दिवशीचा. मुलगा फलकापुढे हात वर करून उभा आहे. तो फोटो जोडून मी तक्रारीचा मेलही पाठवला. तुम्हीही असलं काही विकत घेताना फोटो काढून ठेवा, मूल पुढे उभं करून काढला तर संशय येत नाही.

सहाव्या दिवशी मॅनेजरचा फोन. मुदत चार महिने वाढवून दिली, 15 मार्चपर्यंत, वर कॅन्टीनची चार कुपनं. मी म्हटलं, कुपनं ठेवा, पाण्याचं बघा. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “तुम्ही अजून त्याच कूलरवर आहात?” हो, तिथेच आहे.

दुसरी दुरुस्ती, आणि ही माझ्याही मनात आली नव्हती. पुढच्या खेपेला कोस्टरच्या प्रवेशाजवळ उंचीची पट्टी लावलेली दिसली: 120 सेंटिमीटरच्या खाली प्रवेश नाही. पास घेतला तेव्हा मुलगा 116 होता. कोस्टर ठरलेल्या नाताळात सुरू झाला असता, तर 11,200 भरून त्याला खाली उभं करून आम्ही दोघं वर ओरडत बसलो असतो, आणि घरी जाईपर्यंत तो रडला असता. आता तो 122 आहे. पट्टीला पाठ लावून त्याने चार वेळा मोजून घेतलं. बाबांना मात्र खालीच थांबावं लागेल, हृदयविकार असलेल्यांसाठीची पाटीही तिथेच लागली आहे. ती वाचून ते म्हणाले, मला आत कशाला, बाहेरूनच जास्त दिसतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चाचणी बघायला मिळाली. डब्यांत माणसांच्या जागी पाणी भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे, पट्टे बांधून. साखळी डबे वर ओढते तेव्हा कट-कट-कट आवाज येतो. मला वाटायचं तो आवाज घाबरवण्यासाठी ठेवलेला. बाबा म्हणाले, तो खटक्याचा आवाज. साखळी तुटली तरी डबे मागे घसरू नयेत म्हणून दात्यांवर खटका पडत जातो. खाणीत चढाच्या कन्व्हेयरवरही पट्टा उलटा फिरू नये म्हणून असाच बंदोबस्त असे. माथ्यावर साखळी सुटली की पुढे इंजिन नाही, ढकलणारं कुणी नाही, मिळालेल्या उंचीवरच सगळा प्रवास. आणि डबे रुळावरून उडत नाहीत, कारण चाकं तीन बाजूंनी धरतात: वर, बगलेला आणि रुळाच्या खालून. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने 1919 मध्ये घेतलं. हे मी वाचून बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, मग त्याआधी लोक बसायचे कसे?

दुसऱ्या फेरीत गाडी मधल्या उंचवट्यावर पोचलीच नाही. थोडी चढली, थांबली, मागे आली, पुन्हा थोडी चढली, आणि दोन चढांच्या मधल्या खोलगटात झुलत झुलत उभी राहिली. पुतळे शांत. बघणारे हसले, मॅनेजरचा चेहरा उतरला. शेवटी विंच लावून ओढली. बाबांच्या मते चाकं नवीन, बेअरिंग अजून मोकळी झालेली नाहीत, सकाळची वेळ. पळून पळून सुटेल. “आज अडकली ते बरं. पाण्याच्या माणसांना घेऊन अडकली.” घरी येताना गाडीत ते एवढं बोलले, की बायकोने खोपोलीचा विषय स्वतःहून मागे घेतला.

एकूण तीन तारे देतोय. डिचोली, साखळी, म्हापसा भागात राहत असाल आणि घरात यंत्रांतलं कळणारं कुणी मोठं माणूस असेल, तर पास घ्या, वसूल होतो. मडगावहून येणार असाल तर कोस्टर माणसं घेऊन महिनाभर पळेपर्यंत थांबा. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणते कार्निव्हलपर्यंत नक्की. कार्निव्हल फेब्रुवारीत आहे आणि माझी मुदत मार्चची, म्हणून मी वाद घातला नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. कूलर अजून पत्र्यांमागेच आहे. मेलनंतर त्यांनी टक्कर गाड्यांच्या बाजूला स्टुलावर वीस लिटरचा जार आणून ठेवला, साखळीला बांधलेल्या एका स्टीलच्या ग्लासासकट. सकाळी पाणी थंड असतं. गेल्या रविवारी साडेअकराला जार रिकामा होता. मॅनेजरचा नंबर पासच्या मागे, त्या बारीक अक्षरांच्या खाली आहे. जार रिकामा दिसला तर तुम्हीही फोन करा. माझा नंबर त्याला पाठ झालाय, तो आता उचलत नाही.