आईला केअर सेंटरला ठेवून पाच महिने झाले, अनुभव लिहितोय

आई 79 ची, गाव राजापूर तालुक्यात, आम्ही दोघं भाऊ मुंबईला. रत्नागिरीजवळच्या या सेंटरला आणायच्या आधीचं अख्खं वर्ष दवाखान्यात गेलं. बीपीसाठी आरोग्य केंद्र, चक्कर आली म्हणून ग्रामीण रुग्णालय, पाय सुजले म्हणून रत्नागिरीत खाजगीत, आणि ऐन पावसात रात्री बाथरूमला उठली ती पडलीच, 108 ला फोन केला, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन. दर वेळी नवा डॉक्टर नवी चिठ्ठी, जुनी फाइल कोणी मागितली नाही आणि आम्हीपण कधी नेली नाही.

इथल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं, वर्षभराचे सगळे कागद आणि घरात आहेत तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. डॉक्टरांनी एकेक पाकीट उलटून बघितलं तर अॅम्लोडिपिन दोन कंपन्यांच्या नावाने चालू, म्हणजे बीपीची एकच गोळी डबल. त्या गोळीने पाय सुजू शकतात, सूज उतरायला कोणीतरी लघवीची गोळी दिलेली, ती आई संध्याकाळी घ्यायची, मग रात्रभर उठबस. डॉक्टर म्हणाले यामुळेच पडल्या असं छातीठोक नाही सांगता येणार. पण मला तिथेच रडू आलं हो. वर्षभर चार ठिकाणी फिरवली, एवढं एक कुठेच कळलं नाही.

आता बीपीची एकच गोळी आहे, लघवीची बंद केली, सूज उतरली. संडासात धरायला दांडे आहेत, सकाळी गरम पेज, बुधवारी-रविवारी मासे, काटे काढून देतात. मावशी आईला नावाने हाक न मारता आजी म्हणतात, तिला ते आवडतं.

महिना 22 हजार, डायपर वेगळे. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड इथे चालत नाही, ते अॅडमिट झाल्यावरच्या उपचाराला, वर्षाला 5 लाखापर्यंत. ओपीडी आणि इथली फी खिशातूनच, आधीच धरून चाला.

एक स्टार कापला कारण फिजिओ रोज म्हणून सांगितलं आणि येतात आठवड्यातून तीनदा, खुब्याच्या पेशंटला हे चालत नाही, दोनदा बोललो. रविवारी फोनपण लवकर उचलत नाहीत. तरी परवा व्हिडिओ कॉलवर आई वॉकर घेऊन अंगणातल्या सोनचाफ्यापर्यंत गेली, मागून मावशी चालत होत्या, हात न लावता.