राजारामपुरीतलं 'स्ट्रेस हार्मोन पॅकेज': सुई चांगली टोचतात, पण वेळ विचारत नाहीत

धाकट्या भावासाठी घेतलं होतं हे पॅकेज. तालमीत असतो तो, पहाटे मेहनत, संध्याकाळी लढती, वर कॉलेजचं शेवटचं वर्ष. झोप लागंना, वजन उतरायलंय, बारीकसारीक गोष्टीवरनं चिडायलाय, म्हणून वस्तादच म्हणाले की एकदा रक्त तपासून घ्या पोराचं. लॅबचं नाव लिहीत नाही कारण आता बऱ्याच ठिकाणी हेच पॅकेज मिळतं, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), थायरॉईड, व्हिटॅमिन डी सगळं एकत्र, आणि जिमवाल्या पोरांना तर हमखास गळ्यात मारतात.

चांगलं आधी सांगतो. घरी आलेला पोरगा हुशार होता, पहिल्या टोचण्यात शीर सापडली, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअपवर आला. ह्यात नाव ठेवायला जागा नाही.

पण मी आठचा स्लॉट मागितला होता आणि हे आले साडेदहाला, तोवर भाऊ जोर-बैठका आणि दोरी मारून, घामानं निथळून घरी आलेला. तसंच रक्त घेतलं. फॉर्मवर व्यायाम कधी केला, किती वाजता उठला, दम्याचा पंप किंवा स्टिरॉइडचं मलम चालू आहे का, ह्यातलं काहीच विचारलं नाही. आणि कॉर्टिसॉलला हेच तर लागतं! ते पहाटे चढतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अजून उसळतं आणि मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं, म्हणजे सकाळचा नॉर्मल आकडा रात्री आला तर तोच काळजीचा.

व्यायामाचं तर वेगळंच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अँथनी हॅकनी म्हणून शास्त्रज्ञ आहेत, हार्मोन, ताण आणि व्यायाम ह्यावरच त्यांचं काम. त्यांच्या गटाचा २००८ चा एक अभ्यास आहे, १२ तरुण पुरुषांना ३० मिनिटं वेगवेगळ्या जोरानं व्यायाम करायला लावला. शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं त्याच्या ६० टक्के जोरावर कॉर्टिसॉल साधारण ४० टक्के वाढलं, ८० टक्के जोरावर ८३ टक्के, आणि ४० टक्के जोराच्या हलक्या व्यायामात उलट कमी झालं. आता पैलवानाची मेहनत ह्यात कुठं बसते ते सांगायला नको. मग भावाचा आकडा 'हाय' आला आणि लाल रंगात छापला तर त्यात आजार किती आणि दोरीवरच्या उड्या किती, हे कोण सांगणार? आई तो लाल आकडा बघून दिवसभर जेवली नाही, त्याचा मला खरा राग आहे.

टेस्टोस्टेरॉन थोडं कमी आलं. ते पण सकाळी लवकर, उपाशीपोटी बघायचं असतं आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत तपासल्याशिवाय बोलायचं नसतं. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं ट्रेनिंग करणाऱ्या पुरुषांत ते खाली राहतं, आणि तरी टेस्टोस्टेरॉन बनवायचा हुकूम देणारं, मेंदूतनं येणारं एलएच हे हार्मोन त्या मानानं वाढत नाही, हे पण हॅकनींनीच दाखवलंय. म्हणजे एलएच बरोबर बघितलं तर काहीतरी कळेल, पण एवढ्या महागड्या पॅकेजमध्ये एलएच नाहीच.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर 'अ‍ॅड्रिनल फटीग' (म्हणजे ताणानं कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथी थकल्या) असं लिहून खाली त्यांचीच पावडर सुचवलीय. हार्मोनचे डॉक्टर हे निदान मानतच नाहीत भावांनो. अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर बंद पडणं हा वेगळा, गंभीर आजार आहे आणि तो पावडरीनं बरा होत नाही.

आणि जे विचारायला पाहिजे होतं ते फक्त वस्तादांनी विचारलं, खुराक किती चाललाय? तेव्हा कळलं, खालच्या वजन गटात बसायचं म्हणून ह्यानं दूध-बदाम बंद करून भाकरी अर्ध्यावर आणलीय आणि मेहनत तेवढीच. कष्टाच्या मानानं खाणं कमी पडलं की हार्मोन, झोप, हाडं सगळं बिघडतं, ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली त्याला रेड-एस असं नाव पण दिलंय.

खुराक परत चालू केलाय, गट वरचाच ठरलाय. पुढच्या महिन्यात आदल्या दिवशी मेहनतीला सुट्टी घेऊन सकाळी आठला लॅबमध्येच जाऊन कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन आणि एलएच एवढंच सुटं करून घेणार, आणि कागद थेट एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला दाखवणार. पॅकेजला दोन स्टार, दोन्ही त्या रक्त घेणाऱ्या पोराचे.