पतपेढी राज्याची की ‘मल्टिस्टेट’?

परळच्या एका पतपेढीत संचालकांचं एकमत होईना: १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली राहायचं, की २००२ च्या बहुराज्यीय (‘मल्टिस्टेट’) सहकारी संस्था कायद्याखाली जायचं?

अधिकार कुणाचा, ते घटनेत स्पष्ट आहे. सहकारी संस्था राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांत (नोंद ३२). कार्यक्षेत्र एका राज्याबाहेर गेलं की संघसूची, म्हणजे केंद्राचा विषय (नोंद ४४). म्हणूनच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९७व्या घटनादुरुस्तीतला, सहकारी संस्थांच्या कारभाराचे नियम घालणारा भाग राज्यातल्या संस्थांपुरता रद्द केला, बहुराज्यीय संस्थांना मात्र तो लागू ठेवला.

बहुराज्यीय नोंदणीला कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक राज्यातून किमान ५० सभासद लागतात. बेळगावचे चार पाहुणे गोळा करून भागत नाही.

खरा फरक तक्रारीत. राज्याच्या संस्थेचा सभासद वैतागला तर फाइल घेऊन मुंबईतच उपनिबंधकांच्या (संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या) टेबलासमोर उभा राहतो, नाहीतर सहकार न्यायालय. बहुराज्यीयचे निबंधक दिल्लीत; २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपाल आणि निवडणूक प्राधिकरण आलं, तेही केंद्राचंच.

पाटीवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलं म्हणून ठेव सुरक्षित होत नाही. बँकांच्या ठेवींना असतो तो ठेव विमा कुठल्याच पतपेढीला नाही.

सभासद लालबाग-परळचेच असतील तर राज्याचा कायदा बरा. बेळगाव, सुरतेत खरोखर कर्जदार आणि ठेवीदार असतील तरच दुसरा.