सीएस५०: राज्यशास्त्रातून आलेल्या विद्यार्थिनीचा अनुभव

राज्यशास्त्रात एम.ए. केलं, चार वर्षं प्रुफं तपासली, मग एका संशोधन प्रकल्पात सर्वेक्षणाचे फॉर्म एक्सेलमध्ये भरायला लागले. एकाच नावाची पाच-पाच स्पेलिंगं हातानं दुरुस्त करताना रोज वाटायचं, हे यंत्राला सांगता आलं पाहिजे. आधी प्रोग्रामिंगच्या एका क्लासला गेले. तिथे फळ्यावरचा कोड वहीत उतरवून घ्यायचा, 'असं का?' विचारलं की "आर्ट्सवाल्यांनी एवढ्या खोलात जाऊ नये" हे उत्तर. दोन महिन्यांत तो सोडला आणि हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा मोफत ऑनलाइन कोर्स सुरू केला.

तो शिकवणारे डेव्हिड मलान मुळात राज्यशास्त्राकडेच निघाले होते. १९९६ मध्ये विद्यार्थी म्हणून हाच कोर्स घेतला आणि त्यांची वाट बदलली. हे कळल्यावर मला फार धीर आला.

सुरुवात स्क्रॅचनं होते, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम रचायचे; पुढच्याच आठवड्यात सी ही प्रोग्रामिंगची भाषा. मलान भराभर बोलतात, सबटायटल लावूनच बघा. पण कोर्सचा जीव व्याख्यानांपेक्षा गृहपाठात आहे, आणि त्यातही तिसऱ्या आठवड्यातल्या 'टाइडमन'मध्ये.

टाइडमन म्हणजे निवडणुकीतला विजेता ठरवायची एक पद्धत, तिचा प्रोग्राम लिहायचा. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. प्रत्येक जोडीत कोण कोणाला हरवतो ते मोजायचं. मग सर्वांत मोठ्या विजयापासून सुरू करून जिंकलेल्याकडून हरलेल्याकडे एकेक बाण पक्का करत जायचं, चक्र होत असेल तर तो बाण सोडायचा. अ हरवतो ब ला, ब हरवतो क ला, क हरवतो अ ला. हे वाचलं आणि मी थांबलेच. हा तर फ्रेंच विचारवंत कोंदोर्से! बहुमतानं ठरवतानाही असं चक्र होऊ शकतं, हा त्याचा १७८५ चा विरोधाभास मी एम.ए.च्या पेपरात लिहून आले होते. निकोलस टाइडमन यांनी १९८७ मध्ये त्यातून काढलेली वाट आता मला सीमध्ये लिहायची होती.

माझा पहिला प्रोग्राम तिघांचं चक्र ओळखायचा, चौघांचं निसटायचं. गृहपाठ आपोआप तपासणारं 'चेक५०' रोज चुकीची तीच लाल ओळ दाखवायचं. शेवटी कागदावर बाण काढले. हरलेल्यापासून निघून बाणांमागोमाग चालत जायचं; जिंकलेल्यापाशी पोचलो तर चक्र. फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलवायचं, बस्स. अकरा दिवस लागले. त्या रात्री झोप आली नाही.

मेमरीचा चौथा आठवडा जड आहे, पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारी गोष्ट) हा भाग मी तीनदा ऐकला. पायथन ही भाषा त्यानंतर हलकी वाटते. मला एकूण सात महिने लागले. कोर्स संपला की नोकरी हातात, असं मात्र समजू नका. पुढे वर्षभर मी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, घासत होते. आता त्याच प्रकल्पात डेटा साफ करणारे प्रोग्राम लिहिते. स्पेलिंगं जुळवणारा पहिला प्रोग्राम हाच माझा कोर्सचा शेवटचा प्रकल्प होता.

टाइडमनऐवजी 'रनऑफ' हा मतमोजणीचाच सोपा गृहपाठ निवडायची मुभा आहे. राज्यशास्त्र किंवा तर्कशास्त्र शिकलेल्यांनी टाइडमनच घ्यावा.