पहिली नेमणूक: जुना 210 की नवा 660?

औष्णिक वीज केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला निवड झालेली मुलंमुली हमखास विचारतात, जुना संच (वीज बनवणारं युनिट) घेऊ की नवा? नागपूरजवळच्या कोराडी केंद्रात दोन्ही पिढ्या एकाच आवारात आहेत: 210 मेगावॅटचा सहावा संच आणि 660चे तीन.

जुन्यात त्रास जास्त, हे खरंच. आपल्या कोळशात राख 35-40 टक्के, आणि त्या राखेत वाळूसारखी कडक सिलिका. ती वर्षानुवर्षं इकॉनॉमायझरच्या, म्हणजे धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्या घासत राहते. नळी एका अंगानं झिजत जाते आणि एके दिवशी फुटते. एका जुन्या संचात रात्रपाळीला आम्हाला फुसफुस ऐकू आली, मेकअपचं पाणीही, म्हणजे कमी पडलेलं भरून काढायला वरून घालायचं पाणी, वाढलं होतं. पण विजेची मागणी होती, म्हणून संच तसाच सकाळपर्यंत चालवत ओढला. उघडून पाहिलं तर मूळ भोक तुरीच्या दाण्याएवढं, पण त्याच्या झोतानं शेजारच्या नळ्या सुरीनं कापल्यासारख्या चिरलेल्या. दोन वेल्डिंग जोडांचं काम नऊवर गेलं. मग भट्टी थंड होण्याची वाट, वेल्डिंग, एक्स-रे, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली गळती तपासणं), लाइट-अप (भट्टी पुन्हा पेटवणं). मी बॉयलर शिकलो तो अशा रात्रींतच.

660मध्ये ड्रमच, म्हणजे पाण्यातून वाफ वेगळी करणारी टाकीच, नसतो. हा संच 221 बारच्या वरच्या दाबाला चालतो, तिथं पाणी आणि वाफ असा भेद उरत नाही, मग वेगळं करायचं काय? पण जुन्यात ड्रमच्या ब्लोडाऊनमधून, म्हणजे थोडं पाणी सोडून देऊन, क्षार बाहेर काढता येतात, ती सोय इथं गेली. कंडेन्सरची (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागाची) एक नळी गळून थंड करायचं पाणी आत शिरलं तरी केमिस्टची झोप उडते, कारण ती घाण थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसू शकते. पी91 या मिश्र पोलादाच्या पाइपांचंही तसंच: आधी तापवा, जोडा, पुन्हा तासन्तास ठरलेल्या तापमानात ठेवा. घाई केली की जोड तडकतो. शिस्त शिकायला ही जागा उत्तम.

माझं मत स्पष्ट आहे. मेकॅनिकलवाल्यांनी पहिली दोन-तीन वर्षं जुन्यात काढावीत. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी थेट 660 घ्यावा. धुळीचा त्रास होत असेल किंवा घरी तान्हं बाळ असेल, तर मात्र जुन्याच्या वाटेला जाऊ नका. रात्री-अपरात्री फोन येतातच.

आणि होकार देण्याआधी त्या संचाचं ट्यूब लिकेजचं रजिस्टर मागून बघा. एकच जागा पुन्हा पुन्हा फुटत असेल आणि कॉइल (तिथल्या नळ्यांचा संच) बदलायला शटडाऊन मिळत नसेल, तर दुसरा संच मागा.