घरी बांधलेली शिडाची होडी : सात महिन्यांनंतर होडी झकास, वॉर्निशने मात्र वात आणला

होडी बुडाली नाही, हे आधीच सांगतो. नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

'मिरर' नावाच्या छोट्या इंग्रजी शिडाच्या होडीच्या धर्तीची, पावणेअकरा फुटी. गेल्या पावसाळ्यात पडवीत बांधली, कार्तिकात दाभोळच्या खाडीत उतरवली. सकाळी मतलईवर मुखाच्या दिशेने, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत. वाऱ्याविरुद्ध जायची वेळ फारशी येत नाही, ते माझ्या पथ्यावरच. होल्ट आणि बकनेल या जोडीने १९६२ साली आखलेली ही रचना खरोखर हौशी माणसासाठी आहे. फळ्या कापा, कडेने भोकं पाडा, तांब्याच्या तारेने शिवा, सांधे भरा. तार मी विकत घेतली नाही, घराचं जुनं वायरिंग काढलं होतं ते सोललं. शीड मंडपवाल्याने शिवून दिलं. वजनात मात्र फसलो. मूळ मिरर साडेपंचेचाळीस किलोची. आपल्याकडचं ७१० मार्कचं मरीन प्लाय बहुधा गर्जन लाकडाचं, पाण्याला पक्कं पण जड. माझी होडी उचलायला चौघं लागतात.

आता वॉर्निश. मागच्या फळीला लाकडाची नक्षी सुरेख होती, म्हणून ती रंगाखाली झाकायची नाही असं ठरवलं. पाच हात दिले. फेब्रुवारीत फोड आले, मे महिन्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटले. रिकामा डबा घेऊन दुकानात भांडायला गेलो. दुकानदाराने डबा फिरवून दाखवला, "काका, इथं 'आतील वापरासाठी' लिहिलंय." अक्षर मुंगीएवढं. ऊन अडवणारं वॉर्निश जवळजवळ तिप्पट किमतीचं होतं म्हणून मीच हे उचललं होतं, हे त्याच्याही लक्षात होतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, 'स्वस्त वॉर्निश घेऊ नका' म्हणून संपवणार होतो. मग बसायच्या फळीकडे लक्ष गेलं. त्याच डब्यातलं वॉर्निश, आणि अजून तुकतुकीत! उलट मागच्या फळीच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचतच नाही, तिथेही पापुद्रे. म्हणजे दोष एकट्या उन्हाचा नव्हे. बसायची फळी केली ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत. मागच्या फळीवर वॉर्निशखालचं इपॉक्सी (राळ आणि ती घट्ट करणारं हार्डनर मिसळून लावायचा लेप) चढवलं भर जुलैत. ओल्या हवेत हार्डनरचा अंश वर येतो, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून मेणचट थर धरतो. तो साध्या पाण्याने घासून धुवायचा असतो, आणि पॉलिश पेपर त्यानंतर. मी थेट पेपर मारला, म्हणजे मेण सगळीकडे सारवलं. त्यावर तिप्पट किमतीचं वॉर्निशही टिकलं नसतं. (उन्हात उभ्या राहणाऱ्या उघड्या इपॉक्सीवर मात्र तेच लागतं. ऊन इपॉक्सीला खातं.)

शेजारचे तांडेल पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "आमच्या होड्यांना कधी वॉर्निश बघितलंस? आम्ही मुशीचं तेल चोपडायचो." तेलाचा वास घरच्यांना चालणार नाही, तो विषय तिथेच मिटला.

गेल्या आठवड्यात मागची फळी खरवडली, दोनदा धुतली, मग घासली. नक्षी जाणार, जाऊ दे. गेटचा हिरवा ऑइलपेंट अर्धा डबा उरलाय, तोच लावणार. त्यावर 'बाहेरील वापरासाठी' आहे, चष्मा लावून वाचलंय.